मोठा मोका पॉट असताना छोटा घ्यावा का?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या एका ताईंचं पत्र आलंय. घरी सहा कपांचा मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून कॉफी करायचं भांडं, आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून कॉफी पिणाऱ्या त्या एकट्याच, यजमानांचा चहा. तरी पॉट दिवसातून दोनदा भरतो आणि केलेली कॉफी टाकवत नाही म्हणून सगळी पोटात जाते. एक किलोचं 1,800 रुपयांचं पाकीट सतरा दिवसांत संपतं, रात्री झोप येत नाही ते वेगळंच. तीन कपांचा पॉट 1,900 रुपयांना मिळतोय. यजमान म्हणतात, "भांडं आहे की घरात! त्यातच निम्मी कर."

ताई, घ्या तो पॉट.

एरवी मी यजमानांच्या बाजूनं बोललो असतो. खर्च कमी करायला आधी खर्च, हे माझ्या गळी उतरत नाही. व्यायामाची सायकल घेतलेल्या किती घरांत तिच्यावर टॉवेल वाळत असतात ते मी पाहतो. तुमच्याकडे फ्रेंच प्रेस, म्हणजे गरम पाण्यात पूड भिजवून जाळीनं खाली दाबायचं भांडं, असती तर पाणी निम्मं, पूड निम्मी, विषय संपला असता. मोका पॉटचं तसं नाही. खालच्या भांड्यात वाफेचा दाब तयार होतो आणि तो गरम पाण्याला पुडीतून वर ढकलतो. त्यासाठी पुडीची चाळणी काठापर्यंत भरलेली लागते. निम्मी ठेवली की पाणी वाट मिळेल तिथून निसटतं, कॉफी पाणचट होते आणि वर करपट लागते. तशी दोन दिवस प्याल, तिसऱ्या दिवशी चाळणी पुन्हा गच्च भराल.

आता हिशेब. मोठ्या पॉटला एका वेळी साधारण 30 ग्रॅम पूड लागते. दोनदा म्हणजे 60 ग्रॅम, महिन्याला 1,800 ग्रॅम, 3,240 रुपये. तीन कपांच्या पॉटला 16 ग्रॅमच्या आसपास, दोनदा 32 ग्रॅम, महिन्याला 960 ग्रॅम. इथं किलोचं पाकीट बंद करा. पाव किलो 500 रुपयांना पडतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ग्रॅममागे वीस पैसे जास्त; पण उघडलेली पूड महिनाभर डब्यात शिळी होण्यापेक्षा ते बरं. मोठा डबा दिसला की हातही सैल सुटतो. पाव किलोच्या भावानं धरूनही महिन्याचे 1,920 रुपये होतात. बचत 1,320. पॉटची किंमत दीड महिन्यात वसूल.

गोम आहे ती तिसऱ्या खेपेत. रोज तीनदा चढवलात तर बचत 360 रुपयांवर येते आणि पॉट वसूल व्हायला पाच महिने लागतात. चारदा चढवलात तर आजच्यापेक्षा 600 रुपये जास्त जातील, शिवाय 1,900 रुपयांचं भांडं. मात्र पहिल्या आठवड्यात तिसरी खेप माफ. कॅफीन एकदम निम्म्यावर आणलं तर डोकं दुखतं, आणि दुखऱ्या डोक्यानं माणूस मोठा पॉटच शोधतो. म्हणून तो ओट्यावर नकोच. माळ्यावर टाका, दिवाळीला लेक आली की खाली काढा.

झोपेचं डॉक्टरांना विचारा, तो माझा प्रांत नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की संध्याकाळी पाचला प्यायलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफीन रात्री दहाला अंगात असतं. दुसरी खेप दुपारच्या जेवणानंतर लगेच घेऊन बघा.

यजमान आता पाहुण्यांचं काढतील. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला संध्याकाळी गर्दी करणारं आपलं गाव. कॉफीवाचून कोण रुसणार? पाहुण्याला चहा टाका, तो यजमानांचा आहेच.

उरलेले 1,320 रुपये खात्यात पडून राहिले तर महाद्वार रोडला एका फेरीत जातील. त्यातले 1,300 पगाराच्या दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या आरडीत वळवा. 6.7 टक्के दरानं पाच वर्षांत 78 हजार भरून साधारण 92 हजार 700 हातात येतात. खातं उघडताना असलेला दर शेवटपर्यंत तोच राहतो. शेअर बाजारात घालायलाही हरकत नसते, पण मुलीचं शिक्षण तोंडावर असताना या पैशाला मी चढउतारात पाठवणार नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. दुकानातला 'कप' साधारण 50 मिलीचा असतो, त्यामुळे तीन कपांत दूध घालून तुमचा एक मोठा मग होईल. एक कपाच्या मोहात पडू नका. आणि शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा लागेल. गॅस असेल तर एवढासा तळ शेगडीच्या पायांवर डगमगतो, वर ठेवायची जाळी सोबत घ्या. रबराची रिंगही एक जास्तीची मागा, मोठ्या पॉटची त्याला बसत नाही.