ढोलकी वाजवतो. जॅझ बँडमध्ये लोकतालाचा तडका देणारा तालवादक म्हणून करिअर होऊ शकतं का?

तुमच्या प्रश्नातला 'तडका' हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. एरवी करिअरच्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. तुम्ही लिहिलंय की वय 22, आठ वर्षं ढोलकी वाजवताय, तालवादक त्रिलोक गुर्टू ऐकून वेडे झालात, आणि विचारलंय की यावर पोट भरेल का, सुरुवात कुठून करायची आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) घ्यावा का. पोटाचं पुढे सांगतो. आधी तडक्याचं.

1997 सालची गोष्ट. मी तेव्हा मुंबईत वाद्यवृंदात साइड रिदमला होतो आणि मिळेल तेव्हा लावणीच्या कार्यक्रमांना ढोलकी वाजवत होतो. एका सॅक्सोफोनवादकांनी मला वांद्र्याला तालमीला बोलावलं. मोठे कलाकार, नाव घेत नाही. एका हॉटेलातला कार्यक्रम होता आणि त्यांना 'थोडं देशी' हवं होतं. फोनवरच म्हणाले, "फार काही करायचं नाही. आम्ही वाजवू, तू रंग टाक." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट सोपं काम मिळालं म्हणून खूश होतो.

तालमीत पियानो, उभा बेस, ड्रम्स, सॅक्सोफोन आणि मी. पहिलीच चीज ब्लूज. पियानोवाल्याने पट्टी सांगितली, बी फ्लॅट. म्हणजे आपली काळी पाच. माझी ढोलकी आदल्या रात्री लावणी गाणाऱ्या बाईंच्या आवाजाला लावलेली, पांढरी पाचला. ती उतरवावी की चढवावी याचा विचारही केला नाही. कोपऱ्यात बसलो आणि आठ मात्रांचा केरवा धरला. पहिली काही आवर्तनं छान गेली, निदान मला तसं वाटलं. मग लगी (ठेक्यातले जलद बोल) लावली, हात गरम झाला, आणि सवयीने आठव्या आवर्तनाच्या शेवटी खणखणीत तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आलो.

सगळे थांबले.

आता नीट बघा काय झालं होतं. ब्लूज 12 बारचा. एका बारात चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांत गाणं फिरून जागेवर येतं. केरव्याची सहाच आवर्तनं. माझ्या डोक्यात सगळं आठ-आठचं. मी 64 मात्रा मोजून तिहाई टाकली, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या पाचव्या बारावर जाऊन आदळलो. पाचवा बार म्हणजे ब्लूजमधली अशी जागा, की तिथे कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) बदलून षड्जावरून मध्यमावर जाते आणि सोलो वाजवणारा तिथे काहीतरी ठेवून असतो. मी तिथे येऊन दारावर लाथ मारली. माझ्या लेखी ती सम होती. त्यांच्या लेखी गाणं अजून अर्ध्यातही नव्हतं.

दुसरी चूक वजनाची. ड्रमर राइड सिंबलवर स्विंग वाजवत होता, म्हणजे मात्रेचे तीन भाग करून मधला गाळत होता. माझा केरवा मात्रेचे सरळ चार भाग करणारा. दोघांचा हात पक्का, लय एकच, तरी एकत्र ऐकलं तर दोन माणसं एका खाटेवर भांडताहेत असं वाटेल. तिसरी चूक सुराची. शाई, म्हणजे ढोलकीची सुरात लावलेली बाजू, पांढऱ्या पाचला घुमत होती आणि पियानोच्या कॉर्ड्स खाली सरकत होत्या. काही कॉर्डांत माझा सूर बसत होता, काहींत दातात खडा यावा तसा लागत होता.

सॅक्सोफोनवादक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेकर (हलवून वाजवायचा खुळखुळा) काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लोककलाकाराला फॉर्म कळत नाही, त्यात त्याची चूक नाही. तू हे हलव, शेवटी दोन मिनिटं ढोलकीचा सोलो देतो, लोकांना आवडेल." फॉर्म म्हणजे गाण्याची बांधणी. कार्यक्रमात तेच झालं. तास-दीड तास मी शेकर हलवला, शेवटी दोन मिनिटं ढोलकी बडवली, टाळ्या मिळाल्या आणि 400 रुपये. पुढे त्या मंडळींची एक कॅसेट निघाली, तीत माझी ढोलकी दोन ठिकाणी आहे. वेष्टनावर बाकी सगळ्यांची नावं, आणि माझ्या जागी 'व इतर'.

त्या आठवड्यात मी चौफुल्याला गेलो. माझे काका तिथे थिएटरात संगीत बारीला, म्हणजे लावणीच्या कार्यक्रमाला, ढोलकीवर होते. सगळा प्रकार सांगितला. वाटलं होतं म्हणतील, गेलास कशाला त्यांच्यात. काका तसं काही बोलले नाहीत. पान लावत शांतपणे म्हणाले, "बाईचा पाय कुठं पडणार ते बघून वाजवतोस का नाही? सवाल टाकला तर जबाब येईस्तोवर हात आवरतोस का नाही? मग तिथं गाण्याचा पाय का नाही बघितलास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग त्यांनी मला ते राइडचं वजन तोंडाने म्हणायला लावलं. चार-पाच वेळा ऐकलं आणि मांडीवर सहा मात्रांचा दादरा वाजवायला लागले. हिशोब अगदी साधा आहे. चार मात्रांचा बार, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे, एकूण बारा. म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. दादऱ्याची लगी द्रुत लयीत धरली की ती स्विंगच्या पोटात जाऊन बसते, भांडत नाही. जॅझचा एकही तुकडा आयुष्यात न ऐकलेल्या माणसाने हे अर्ध्या तासात शोधलं, कारण त्यांना 'हे वजन कसलं आहे' हा एकच प्रश्न पडला होता. मला पडला होता तो 'मी कुठे चमकू'.

पुढची दोन वर्षं मी ब्लूज आणि 32 बारची गाणी तोंडपाठ केली. ढोलकी बाजूला ठेवून, गाऊन. 32 बारच्या गाण्यात बहुतेकदा आठ-आठचे चार भाग असतात आणि तिसऱ्या भागाची चाल वेगळी असते. तो तिसरा भाग आला हे पोटातून कळेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, असा नेम केला. तबल्याचा विद्यार्थी ठेका बोलून पाठ करतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे ठेका बदलता असतो आणि पाठ करायची असते ती चाल. शाईच्या गुंजनाचंही शिकलो. कॉर्ड्स भराभर बदलत असतील तर शाईवर बंद बोल जास्त, उघडे कमी. किंवा सरळ दिमडी घ्यायची, तिला ठरलेला सूरच नाही. आणि उभा बेस असेल तर धुमेचा, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा, घुमारा आवरायचा, कारण बेसची आणि धुमेची जागा एकच. दोघं एकदम बोलले की माइकवाला पहिल्यांदा तुम्हालाच खाली करतो.

आता तुमचे गुर्टू. त्यांचं नाव घेऊन लोक तडक्याचं बोलतात तेव्हा मला राग येतो. जमिनीवर बसून ड्रम्स वाजवणारा, पाण्याच्या बादलीत झांजा बुडवणारा माणूस, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. जन्म 1951, मुंबई. घरात आई शोभा गुर्टूंची ठुमरी, हातात तबला. 1984 मध्ये ऑरेगॉन या गटाचे कॉलिन वॉलकॉट अपघातात गेल्यावर गुर्टू त्यांच्या जागी बसले. नंतर गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रिकुटात आले. 1989 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्या त्रिकुटाचं ध्वनिमुद्रण झालं, ते ऐका आणि बोटांवर माणसं मोजा. गिटार, बेस आणि गुर्टू. दुसरा ड्रमर नाही. म्हणजे सबंध मैफलीची लय त्यांच्या हातात. याला तडका म्हणायचं? तो तर पातेल्याखालचा जाळ आहे. आणि पहिल्या स्वतःच्या अल्बममध्ये त्यांनी आईला गायला बसवलं, तेही सजावट म्हणून नाही.

त्याच्याही आधीचं सांगतो. 1947 मध्ये जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी आपल्या मोठ्या बँडमध्ये क्युबाच्या चानो पोझो यांना काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) वाजवायला घेतलं. पोझोंना इंग्रजी जेमतेम. बँडवाल्यांना त्यांचा ताल अनोळखी, त्यांना बँडवाल्यांचा. तरी त्याच वर्षीच्या 'मान्तेका' या रचनेवर रचनाकार म्हणून त्यांचं नाव आहे, कारण तिचा पायाच त्यांनी घातला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. वर्ष-सव्वा वर्षाची साथ, पण जॅझमध्ये काँगाची जागा कायमची झाली. हे वाचलं तेव्हा मला ते 'व इतर' आठवलं.

त्या सॅक्सोफोनवादकांशी माझा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून हे इतकं लांबलं. ते आता या जगात नाहीत. मला फॉर्म कळत नव्हता, हे त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते मी मान्य करतो. पण 'लोककलाकाराला फॉर्म कळत नाही' हे वाक्य चूक होतं. तमाशात गण, गौळण, बतावणी कुठे संपते, सोंगाड्या कधी तोंड उघडणार, नाचणारी कुठे गिरकी घेणार, हे सगळं कागदाशिवाय डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला 12 बार कळत नाहीत असं कसं होईल? त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. ते मला म्हणाले असते, "पोरा, 48 मोज," तर तालीम त्याच दुपारी सुधारली असती. शेकर देणं सोपं होतं, म्हणून शेकर दिला. आणि आता हीच मंडळी तक्रार करतात की लोकवादक जॅझकडे वळत नाहीत.

म्हणून माझा सल्ला, कडक शब्दांत. ज्या बँडमध्ये ड्रमर आहे आणि तुम्हाला 'वरून थोडं' वाजवायला बोलावलंय, तिथे जा, पैसे घ्या, पण तिथे करिअर शोधू नका. बेस आणि एखादं सुरेल वाद्य, अशा दोघांना गाठा आणि लय तुम्ही धरा. ड्रमर नसेल तेव्हाच तुमच्या ढोलकीला काय येतं आणि काय येत नाही ते समजेल. लोक म्हणतील आवाज रिकामा वाटतोय. सहा महिने तो वाटेलच.

पोटाचं. जॅझवर मी कधीच पूर्ण जगलो नाही आणि माझ्या ओळखीत या मिश्रणावरच घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. माझं घर स्टुडिओतली कामं, मालिकांचं पार्श्वसंगीत, लावणीच्या सुपाऱ्या आणि शिकवण्या यांवर चाललं. त्यातली स्टुडिओची कामं आता निम्म्याने कमी झाली, कारण ढोलकीचे तयार लूप संगणकात मिळतात. तुमचं लग्न व्हायचं असेल, घरी कमावणारं दुसरं कोणी नसेल, तर आठ-दहा वर्षं दुसरी मिळकत धरून चला. परदेश दौऱ्यांची स्वप्नं जरूर बघा, फक्त तिकडच्या कोरड्या थंडीत कातडं ताणलं जाऊन ढोलकी चढते आणि आपल्या पावसाळ्यात उतरते, ही तयारी ठेवा.

आणखी एक सांगायला हवं. मी ढोलकीवाला आहे, म्हणून हे सगळं ढोलकीच्या बाजूने लिहिलंय. संबळवाल्याचा अनुभव वेगळा असेल. दोन हातांत दोन काठ्या असल्याने तो ड्रमरच्या जास्त जवळचा आहे आणि त्याला कदाचित इतका त्रास व्हायचाही नाही. जॅझमध्ये सगळं स्विंगच असतं असंही नाही. सरळ वजनाची पुष्कळ गाणी आहेत, तिथे केरवा चपखल बसतो.

काका 2011 मध्ये गेले. त्यांची दोरीची ढोलकी माझ्याकडे आहे. ब्लूज वाजवताना अजून कधी तिहाई घ्यायची झाली तर आधी मांडीवर घेऊन बघतो.

ऑक्टोपॅड घ्या. हप्त्यांवर घ्यावा लागला तरी घ्या, वाद्यवृंदाच्या सुपाऱ्या त्याच्याशिवाय मिळत नाहीत. जॅझच्या तालमीला मात्र तो नेऊ नका. ढोलकी न्या, दिमडी न्या, नटबोल्टची असेल तर पाना न्या, आणि घरून निघण्याआधी फोन करून पट्टी विचारा.