मेणाचा पाय

बाळ,

तुझं पत्र परवा मिळालं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीने 'तुमच्या श्रद्धेला पुरावा काय' म्हणून विचारलं, तू फ्रान्समधल्या लूर्दच्या झऱ्यावर रोगी बरे होण्याचे चमत्कार पुढे केलेस, ती हसली आणि तुला राग आला. साक्षीदार बरा निवडला होतास, पण त्याच्या तोंडी नको तेवढं घातलंस.

लूर्दचंच बघ. १८५८ साली बर्नादेत नावाची पोर तिथल्या गुहेत मरियामातेचं दर्शन झालं म्हणून सांगू लागली, तेव्हा तिच्यावर पहिला संशय घेणाऱ्यांत तिथले फादरच होते. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचं कार्यालय आहे. 'मी बरा झालो' म्हणत कुणी आलं की फाइल उघडते, आणि बहुतेक फाइली तिथेच पडून राहतात. सात हजारांवर दाव्यांपैकी ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या जरासे पुढे! कसोट्या लॅम्बर्टिनींच्या, म्हणजे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले त्यांच्या. दुखणं गंभीर हवं, गुण औषधाने आलेला नको, तो अचानक यावा, पुरता यावा आणि टिकावा. एवढं करून डॉक्टर लिहितात काय, तर आजच्या वैद्यकाला याचं कारण सापडत नाही. 'चमत्कार' हा शब्द उच्चारायचा की नाही, ते त्या रुग्णाच्या धर्मप्रांताचा बिशप ठरवतो. आणि बिशपने उच्चारला तरी तो मानलाच पाहिजे अशी सक्ती तुझ्यामाझ्यावर नाही.

मैत्रीण म्हणेल, आज सापडलं नाही ते कारण उद्या सापडेल. सापडेलही. मान्य करून टाक. मी काही चमत्कारांवरून हात झटकत नाही. चमत्कार खात्रीने ओळखताच येत नाहीत, हे म्हणणं १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने साफ नाकारलंय. पण परिषद त्यांना चिन्हं म्हणते. श्रद्धा म्हणजे डोळे मिटून मारलेली उडी नव्हे, हे दाखवण्यापुरती चिन्हं. विश्वास ठेवायचा तो प्रकट होणाऱ्या देवाच्या शब्दावर, असं आपल्या धर्मशिक्षणातही आहे. तू तो भाग घोकला होतास, मीच घेतला होता!

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा वाच. चार दिवसांचं प्रेत, बहीण म्हणते आता वास येत असेल, आणि येशूच्या हाकेने लाजर बाहेर येतो. पाहणाऱ्यांतल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला. काही जण मात्र उठून थेट परुश्यांकडे, म्हणजे येशूच्या विरोधकांकडे, सांगायला गेले. कबर तीच, माणूस तोच, डोळ्यांदेखत घडलेलं. तिथे हे, मग तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत फाइलींच्या आकड्यांनी काय होणार?

आणि बर्नादेतबद्दल एक गोष्ट लपवू नकोस. जिच्या झऱ्यावर जग बरं व्हायला जातं, ती स्वतः नेव्हेरच्या मठात क्षयाने गेली, १८७९ साली, पस्तिसाव्या वर्षी. मला तिच्याबद्दल जे वाटतं ते दर्शनांमुळे कमी आणि या शेवटामुळे जास्त.

आपल्या घरातलं तुला कुणी सांगितलं नसेल. मी आठ-नऊ वर्षांचा असताना दादांचा पाय गिरणीत चिरडला. सप्टेंबरात आम्ही वांद्र्याला मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला गेलो. चढावरच्या स्टॉलवर नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, डोकी, बाळं ओळीने मांडलेली. दादांनी पाय घेतला. उन्हाने तो माझ्या हातात मऊ पडला, अंगठा वाकला, आणि आता नवस चुकणार म्हणून मी रडलो. पायाला गुण आला नाही. दादा शेवटपर्यंत लंगडत चालले. पुढच्या वर्षी ते पुन्हा निघाले, तेव्हा आई काहीच बोलली नाही, फक्त डबा भरून दिला. स्टॉलवालीने लंगडणं बघून आपण होऊन मेणाचा पाय पुढे केला. दादांनी मान हलवली आणि एक साधी मेणबत्ती मागितली.

तुझा,
काका