पंचविसाव्या वर्षाची क्रूझ आणि नऊ लाखांची ठेव

प्रश्न : मी 50 वर्षांची, कोथरूडला राहते, शाळेत शिक्षिका आहे. यजमान 54 वर्षांचे, चाकणच्या एका कंपनीत आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार दरमहा 1,65,000 रुपये. घरखर्च 70,000, गृहकर्जाचा हप्ता 31,000 (अजून चार वर्षं), एसआयपी 30,000. बँकेत 9 लाखांची मुदत ठेव आहे, बाकी शिल्लक फारशी नाही. मुलगी इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपवते आहे, पुढच्या वर्षी एमएसला बाहेर जायचं म्हणते. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला 25 वर्षं होतील. सासूबाईंना (वय 76, मधुमेह आणि बीपी) घेऊन चौघांनी सिंगापूरला तीन रात्री आणि मग चार रात्रींची क्रूझ करावी असा बेत आहे. टूर कंपनीने माणशी 1,45,000 सांगितलेत, जीएसटी वेगळा. क्रूझवर सगळं समाविष्ट असतं, त्यामुळे खर्च आटोक्यात राहील असं वाटतं. ठेव मोडावी, की बारा महिन्यांचा बिनव्याजी हप्ता घ्यावा?

उत्तर : ताई, या डिसेंबरात चौघांनी सिंगापूरची क्रूझ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ठेव मोडूनही नको, हप्त्यावर तर नकोच. पण समुद्रावरची सहल रद्द करा असं मी म्हणणार नाही. तुमच्या पैशांत ती बसते, फक्त बंदर बदलावं लागेल.

‘सगळं समाविष्ट’ या दोन शब्दांवर तुमचं गणित उभं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. क्रूझच्या भाड्यात खोली, मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेतलं जेवण, बहुतेक कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव एवढं येतं. साधं पाणी, बुफेतला चहा-कॉफी आणि सरबत बहुधा फुकट असतं. शीतपेय, बाटलीबंद पाणी, कॅफेतली कॉफी, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, फोटो, बंदरावर उतरून केलेली सहल आणि टिप या सगळ्याचं बिल वेगळं लागतं. टिप ऐच्छिक वाटते, पण मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्या ती दर माणशी, दर दिवशी आपोआप खात्यात टाकतात. साधारण 15 ते 20 डॉलर, आणि तेही खोलीत झोपणाऱ्या प्रत्येकाचे.

आता तुमचे आकडे मांडू. चौघांचे 5,80,000, त्यावर 5 टक्के जीएसटी 29,000, म्हणजे झाले 6,09,000. डॉलर 90 रुपयांना धरला आणि टिप 18 डॉलर, तर चार रात्रींचे चौघांचे 288 डॉलर, म्हणजे जवळपास 26,000 रुपये. दोन फोनवर इंटरनेट घेतलंत तर रोज फोनमागे 20 डॉलर धरून 14,400. पेनांग आणि फुकेत अशी दोन बंदरं असतील आणि प्रत्येक ठिकाणी माणशी 60 डॉलरची सहल घेतलीत तर 43,200. कॉफी, शीतपेयं, एखादा फोटो यांचे 13,500. चौघांचा प्रवास विमा 15,000 धरा, त्यातला मोठा वाटा सासूबाईंच्या वयामुळे लागेल. पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंत मोठी गाडी जाऊन-येऊन 10,000. सिंगापुरातलं वरचं खाणं आणि किरकोळ खरेदी 30,000. बेरीज 7,61,000 च्या आसपास जाते, सांगितलेल्या भावाच्या सुमारे 31 टक्के वर. यात एकही चैनीची गोष्ट धरलेली नाही.

याशिवाय टीसीएस, म्हणजे टूर कंपनी सहलीच्या रकमेवर आगाऊ घेते तो आयकर, कापला जाईल. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो 1 एप्रिल 2026 पासून 2 टक्के आहे (त्याआधी 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 20 टक्के होता). तो खर्च नाही. ज्याच्या पॅनवर कापला गेला त्याच्या आयकर खात्यात जमा दिसतो आणि आयकरात वळता होतो. नोकरदाराने कंपनीला वेळेत कळवलं तर पगारातला टीडीएस तेवढा कमी करून मिळतो. म्हणून बुकिंग करताना ज्याचा कर जास्त कापला जातो त्याचाच पॅन द्यावा. सासूबाईंचा देऊ नये, नाहीतर 12,000 रुपयांसाठी त्यांचं विवरणपत्र भरत बसावं लागेल.

बिनव्याजी हप्त्याचं पाहू. 5,80,000 भागिले 12, म्हणजे महिन्याला 48,333. तुमच्या पगारातून घरखर्च, गृहकर्ज आणि एसआयपी वजा केल्यावर उरतात 34,000. म्हणजे पहिल्याच महिन्यात एसआयपीला हात लावावा लागेल. शिवाय ‘बिनव्याजी’चा अर्थही समजून घ्या. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. रोख भरणाऱ्याला जी सवलत मिळाली असती तीच इथे व्याज म्हणून वळवलेली असते. कार्डावरचा हप्ता असेल तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वेगळं लागतं. टूर कंपनीला एकच प्रश्न विचारा : एकरकमी भरले तर किती? फरक लगेच कळेल.

याहून मोठी अडचण मुलीची आहे. ती पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास जाणार असेल, तर परीक्षा, अर्ज आणि गुणपत्रिका पाठवण्याचा खर्च याच दिवाळी-डिसेंबरात येईल. पाठोपाठ शैक्षणिक कर्ज. त्या कर्जात तुम्ही दोघं सहकर्जदार असाल आणि बँक तुमचे चालू हप्ते मोजून पात्रता ठरवेल. गृहकर्जाच्या जोडीला सहलीचा 48,000 चा हप्ता चालू दिसला, तर नेमक्या नको त्या वेळी कर्जाची रक्कम कमी होईल.

ठेवीचं उत्तर सोपं आहे. घरखर्च आणि गृहकर्ज मिळून महिना 1,01,000, म्हणजे सहा महिन्यांची गंगाजळी 6,06,000. नऊ लाखांतले हे सहा लाख तुमचे नाहीतच असं समजा. यजमान 54 वर्षांचे आहेत आणि वाहन उद्योगात मंदी आली की चाकण पट्ट्यात आधी ओव्हरटाइम आणि मग माणसं कमी होतात, हे तुम्ही बघितलेलं असेल. उरलेले 2,94,000 मुलीच्या पहिल्या सत्राकडे जावेत. ठेव एकाच पावतीत असेल तर मुदत संपताना 6 लाख आणि 3 लाख अशा दोन करा, म्हणजे गरज पडल्यास सगळी मोडावी लागणार नाही. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, आणि तेही जितके दिवस पैसे राहिले तितक्या दिवसांच्या दरावरून.

मग राहतो महिन्याचा शिलकी पैसा. सणावाराला 6,000 बाजूला ठेवले तर 28,000. डिसेंबर अजून लांब आहे असं वाटेल, पण क्रूझचे उरलेले पैसे साधारण 75 ते 90 दिवस आधी भरावे लागतात आणि तिथून पुढे रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम झपाट्याने वाढत जाते. म्हणजे तुमच्या हातात सप्टेंबरपर्यंतचाच वेळ आहे. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, 1,68,000 रुपये. सहलीचं अंदाजपत्रक एवढंच.

या रकमेत मुंबईहून सुटणारी दोन किंवा तीन रात्रींची क्रूझ बसवता येते. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करत आलं आहे. ते 1990 साली बांधलेलं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं. त्यामुळे खोल्या नव्या जहाजांपेक्षा लहान आहेत आणि बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. टीसीएसचा प्रश्नच येत नाही आणि डॉलरचाही. लग्नाचा वाढदिवस नेमका नाताळच्या आठवड्यात येत नसेल तर 20 डिसेंबर ते 2 जानेवारी हा काळ टाळा. डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि आठवड्याच्या मधले वार निवडलेत तर तीच खोली बरीच स्वस्त पडते. कर, बंदर शुल्क आणि टिप धरून चौघांचं दीड लाखाच्या आत बसेल तीच फेरी घ्या, वरचे पंधरा-अठरा हजार हाताशी ठेवा.

खोली निवडताना सासूबाईंचा विचार आधी करा. चौघांची एक खोली स्वस्त पडते, कारण तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं. पण ते दोन पलंग बहुधा भिंतीतून खाली येणारे, शिडीने चढायचे असतात, आणि आंघोळीची जागा एकच. दोन खोल्या घ्या, एकीत तुम्ही दोघं आणि दुसरीत आजी-नात, शेजारी-शेजारी किंवा समोरासमोर. ‘खोली कंपनी ठरवेल’ असा सर्वांत स्वस्त पर्याय असतो, तो तुमच्यासाठी नाही. त्यात एक खोली जहाजाच्या पुढच्या टोकाला आणि दुसरी डिस्कोच्या खाली मिळू शकते. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावे सगळ्यांत कमी जाणवतात. बाल्कनीला जास्त पैसे मोजू नका. दोन-तीन रात्रींच्या फेरीत खोलीत झोपण्यापुरतंच थांबणं होतं आणि समुद्र वरच्या डेकवरून फुकट दिसतो.

क्रूझ तुमच्या घराला मानवेल का, हाही प्रश्न पैशांइतकाच महत्त्वाचा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती बस-टूरपेक्षा खूपच सोयीची : सामान एकदाच उघडायचं, लिफ्ट असते, जेवण आणि कार्यक्रम एकाच छताखाली. मात्र काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. फुकेतला हे अनेकदा होतं. लक्षद्वीपलाही बोटीनेच उतरावं लागतं, म्हणून तुमच्यासाठी गोव्याची फेरी बरी. हवामान बिघडलं तर कंपनी एखादं बंदर गाळू शकते आणि परत मिळतं ते बहुधा त्या बंदराचं शुल्क तेवढंच. ज्याला गाव पायी हिंडून बघायचं असतं त्याची क्रूझवर निराशा होते, कारण किनाऱ्यावर मिळतात पाच-सात तासच. तुमच्या मुलीला यातलं काय हवं आहे ते तिला आताच विचारा.

सासूबाईंची औषधं आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. समुद्र लागू नये म्हणून गोळी द्यायची तर बीपी-मधुमेहाच्या औषधांबरोबर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. जेवणाआधी साबणाने हात धुवायचा नियम घाला. जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या नोरोव्हायरस संसर्गावर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल जागेवर भरावं लागतं, म्हणून तुमच्या मेडिक्लेमवाल्यांना आधीच विचारा की त्या बिलाची भरपाई मिळेल का. पुढे कधी परदेशी क्रूझ केलीत, तर आपला इथला मेडिक्लेम बहुधा तिकडे चालत नाही. तेव्हा आधीपासूनचे आजार लिहून देऊन, समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरणारा प्रवास विमा घ्यायचा.

पुण्याहून निघताना गाडीवर विसंबू नका, विशेषतः शनिवारी. घाटात दोन तास अडकलात तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते आणि 10:25 ला सीएसएमटीला पोचते. तिथून बॅलार्ड पिअरचं टर्मिनल टॅक्सीने जवळच आहे. चेक-इनची वेळ दुपारची असेल तर हे नीट जमतं, सकाळची असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा. जहाजावरच्या खर्चासाठी कार्ड मागितलं तर क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डावर अडवून ठेवलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस जातात, आणि तोवर ते तुमच्या घरखर्चाचे पैसे असतात. रोज रात्री खात्याचा उतारा बघा, नको ती नोंद तिथेच काढून घ्या. उतरायच्या सकाळी हिशेबाच्या खिडकीपुढे मोठी रांग असते.

आवर्ती ठेव याच महिन्यात सुरू करा, 28,000 ची, सहा महिन्यांची. टूर कंपनीला अजून आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर ती परत मिळण्याची शेवटची तारीख आजच लेखी मागवा.