ख्रिस्ती घरात रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेला मुलांनी बसलंच पाहिजे अशी सक्ती करावी का? माझा सोळा वर्षांचा मुलगा बसायला तयार नाही.

हा प्रश्न बघून मी दोनदा पुढे गेले आणि दोनदा परत आले. तुम्ही लिहिलंय की रात्री सगळे एकत्र बसता, मुलगा सहा महिन्यांपूर्वीपर्यंत बसायचा, आता खोलीचं दार लावून घेतो, आणि बायबलप्रमाणे काय करावं ते तुम्हाला हवंय. सक्ती करू नका. झालं उत्तर. आता मला जे सांगायचंय ते सांगते, कारण दार लावून घेणारा मुलगा आमच्याही घरात होता, माझा धाकटा भाऊ, आणि त्याने दार का लावलं यावरून आमच्यात आजपर्यंत दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी आणि दुसऱ्यात माझे काका.

आमचे पप्पा संडेस्कूल घ्यायचे, मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीवर होते, माणूस प्रामाणिक, कुणाचा पैसा बुडवला नाही की कुणाशी खोटं बोलले नाहीत. रोज रात्री एक गीत, एक अध्याय आणि मग पप्पांची प्रार्थना. अध्याय क्रमाने, म्हणजे वंशावळ्या आल्या तरी क्रमाने, गणनाच्या पुस्तकात मी कितीदा बसल्या बसल्या झोपलेय त्याचा हिशोब नाही. ११९ वं स्तोत्र, १७६ वचनं, तेही एका बैठकीत. त्याचा त्रास नव्हता हो. अध्याय कितीही लांब असला तरी संपतो. त्रास प्रार्थनेचा होता, कारण पप्पांना जे आम्हाला तोंडावर बोलायचं नसायचं ते ते देवाला सांगायचे. "प्रभू, या घरात काहींना सकाळी उठायचा कंटाळा आहे, त्यांना जोम दे." "प्रभू, आईला उलट बोलणाऱ्या जिभेला तूच लगाम घाल." आता डोळे मिटलेले, हात जोडलेले, उत्तर द्यायची सोय नाही. एरवीच्या भांडणात निदान आपली बाजू मांडता येते, इथे मधे तोंड उघडलं तर तो देवाचा अपमान. मम्मीही काही कमी नव्हती, तिची पाळी आली की "प्रभू, जे सांगितलेल्या वेळेला घरी येत नाहीत त्यांना वाटेत सांभाळ," आणि त्या दिवशी तिच्या प्रार्थनेला पप्पांचं आमेन ऐकू यायचं नाही.

भाऊ सतरा वर्षांचा असताना त्याचे दोन विषय राहिले. त्याने ते मला आणि मम्मीला सांगितलं, मम्मीने रात्री पप्पांना सांगितलं, आणि पप्पा दोन दिवस त्याला एक अक्षर बोलले नाहीत. आम्हाला वाटलं समजून घेतलं. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे घरसभा होती, म्हणजे चर्चची माणसं घरी प्रार्थनेला जमतात ती. पंधराएक माणसं, पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू, तरुण संघातली दोन मुलं आणि एक मुलगी जिच्यासमोर भाऊ शर्टाची कॉलर नीट करून बसला होता. शेवटची प्रार्थना पप्पांची. आजाऱ्यांसाठी झालं, प्रवासातल्यांसाठी झालं, आणि मग आवाज जरा खाली आणून, "आणि प्रभू, या घरातल्या एका मुलाने आईबापाचं आणि स्वतःचं एक वर्ष वाया घालवलंय, त्याचं कठीण मन तू..."

"आमेन," भाऊ म्हणाला.

मोठ्याने आणि अगदी स्पष्ट, शेवटी म्हणतात तसं. आणि सवय बघा माणसाची, चार-पाच जण त्याच्या मागे "आमेन" म्हणून मोकळे झाले, कुणी डोळे उघडले, एक आजी तर आशीर्वाद घ्यायला उठून उभ्या राहिल्या. पप्पांचं वाक्य तसंच अर्धं. भाऊ उठला, दारातल्या चपलांच्या ढिगातून स्वतःचे बूट शोधले, त्यातही मिनिटभर गेलं आणि ते मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही, आणि बाहेर गेला. रात्री उशिरा आला. ओरडला नाही, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळेला त्याच्या खोलीचं दार बंद.

मग बायबल निघालं. पप्पांनी इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढला, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा. काका दुसऱ्या दिवशी समजवायला आले ते नीतिसूत्रे १३:२४ घेऊन आले, जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. काकांचं मत की पप्पा फार मऊ वागले म्हणून हे झालं. मी तेव्हा एकवीस वर्षांची, मला उत्तरं सुचली नाहीत, नंतर पुष्कळ सुचली, ती आता इथे येतायत, माफ करा.

पहिली गोष्ट, इफिस सहामध्ये मुलांची आज्ञा पहिल्या वचनात आहे आणि चौथ्या वचनात बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. काका दर वेळी तिसऱ्या वचनाला पुस्तक मिटतात. वचनांचे आकडे तर १५५१ साली एका छापणाऱ्याने घातले, ज्याच्या नावाचं हे पत्र आहे त्या पौलाचं लिखाण सलग होतं, ऐकणाऱ्याला मधे थांबायची सोयच नव्हती. आणि त्याने हे कधी लिहिलंय बघा, रोमी कायद्यात बापाचा मुलांवर जिवंत ठेवायचं की मारायचं इथपर्यंत अधिकार होता त्या काळात. तेव्हा मुलांना आज्ञेत राहा सांगणं ही काही नवी गोष्ट नव्हती, ते सगळेच सांगत होते. बापाला "तू सांभाळून" म्हणणं ही विशेष गोष्ट होती. कलस्सैकरांसच्या तिसऱ्या अध्यायात तो तेच पुन्हा लिहितो आणि कारणही देतो, की मुलं खिन्न होतील. खिन्न! त्या रात्री भावाचा चेहरा रागाचा नव्हता, हाच होता.

दुसरी, छडी. हिब्रूत तिथे जो शब्द आहे तोच २३ व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आहे, जी पाहून मेंढराला धीर येतो असं दावीद म्हणतो. मी मेंढरं राखलेली नाहीत पण काठी बघून धीर येणारं मेंढरू आणि काठी बघून पळणारं मेंढरू यात फरक असणारच की. (नीतिसूत्रांत सरळसरळ फटक्यांचीही वचनं आहेत, हे काका लगेच काढतील म्हणून आधीच सांगून टाकते. आहेत. नाकारत नाही.)

तिसरी आणि माझी सगळ्यात आवडती. काका भावाला आजही "उधळा पुत्र" म्हणतात. अहो, लूक १५ मधली येशूने सांगितलेली ती गोष्ट उघडून तरी बघा. तो मुलगा हिस्सा घेऊन दूर देशी गेला होता, माझा भाऊ शेजारच्या खोलीत होता. आणि त्या गोष्टीतला बाप काय करतो? मुलगा परत येताना वाटेत एक वाक्य पाठ करून येतो, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. १९ व्या वचनात ते पूर्ण आहे. २१ व्या वचनात तो बोलायला लागतो तेव्हा मजुराचा भाग येतच नाही, बापाने त्याच्या आधीच झगा आणा, अंगठी आणा सुरू केलंय. म्हणजे चारचौघांत मुलाची लाज निघणार होती ती बापाने मधेच तोडली. आमच्याकडे मधे तोडायचं काम मुलाला स्वतःला करावं लागलं.

प्रार्थनेतून टोमणा मारणारा माणूसही लूकमध्ये आहेच, तीन अध्याय पुढे. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, मंदिरात उभा राहून म्हणतो, देवा, मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही. "या" जकातदारासारखा! म्हणजे तो तिथेच मागे उभा आहे आणि हा त्याला ऐकू जाईल असं देवाला सांगतोय. मी ते वचन पन्नास वेळा ऐकलं असेल पण त्या "या"वर कुणी बोट ठेवलेलं मला आठवत नाही, माझं मलाच एक दिवस दिसलं आणि मी वाचता वाचता थांबले.

पप्पांचं पुढे काय झालं ते सांगते. माफी वगैरे मागितली नाही. त्यांच्या पिढीच्या पुरुषांना ते येत नव्हतं, आणि मत्तय १८:१५, भाऊ चुकला तर आधी तो आणि तू एकांतात बोला, हे त्यांनी दुसऱ्यांची भांडणं सोडवताना दहा ठिकाणी वापरलेलं वचन, घरी कधी वापरलं नाही. पण पाच-सहा महिन्यांनी एका रात्री अध्याय संपला, आम्ही डोळे मिटले आणि पप्पांचा आवाजच आला नाही. मग ते मम्मीला म्हणाले, तू कर. त्यानंतर घरात त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली नाही, चर्चमध्ये करायचे, घरी नाही. मम्मीची दोन मिनिटांची असायची, आणि तिचेही ते उशिरा येणारे लोक प्रार्थनेतून गायब झाले. प्रत्येकाचं एकदा नाव आणि आमेन. तेव्हा भावाचं दार थोडं उघडं राहायला लागलं. मग तो दारात बसून बुटाच्या लेस बांधायचा, त्या वेळेला त्याला कुठेही जायचं नसताना. आम्ही कुणी काही बोललो नाही. काका म्हणतात दादाने, म्हणजे पप्पांनी, घरातला अधिकार सोडला. मी म्हणते सोडला असेल, पण मुलगा दारापर्यंत तर आला.

आणि मी फार शहाणी आहे असं समजू नका. माझी मुलगी चौदाची असताना एका रात्री मी डोळे मिटून म्हणतेय, "प्रभू, मोबाईलमध्ये जाणाऱ्या वेळेचं आम्हाला भान दे," आम्हाला म्हणजे कुणाला ते घरातल्या भिंतींनाही कळलं असेल. डोळे उघडले तर ती एक डोळा उघडा ठेवून माझ्याकडे बघत होती. नंतर नवरा भांडी लावता लावता म्हणाला, "आजची प्रार्थना देवाला होती का तिला?" मला इतका राग आला, कारण तो आवाज हुबेहूब पप्पांचा होता आणि तो माझ्या तोंडातून निघाला होता. तेव्हापासून आमचा एक नियम आहे, समोर बसलेल्याबद्दल तक्रार प्रार्थनेत नाही. आधी त्याला सांगायचं, मग देवाला. वेदीपाशी आठवलं की भावाचं मन आपल्यामुळे दुखलंय तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा, हे मत्तय पाचमध्येच आहे, म्हणजे देव थांबायला तयार आहे.

तुमच्या मुलाचं. प्रश्नात तुम्ही तुमचं दुःख लिहिलंय, पाळकांनी काय सांगितलं ते लिहिलंय, पण तो का बसत नाही याबद्दल त्याचं म्हणणं एका ओळीतही नाही. विचारलंय का? सहा महिन्यांपूर्वी त्या प्रार्थनेत काही झालं होतं का ते आठवून बघा, कदाचित तुम्हाला किरकोळ वाटलेलं काही असेल. विचारताना गाडीत किंवा चालताना विचारा, समोरासमोर बसवून नको. अनुवाद ६:७ मध्ये मुलांना शिकवायच्या जागा दिल्यात त्यात घरी बसलेलं असताना आहे, वाटेने चालताना आहे, निजताना आहे, उठताना आहे. आपण फक्त पहिली धरून बसलोय. वेळ कमी करा, दहा मिनिटं खूप झाली. मोठ्याने प्रार्थना करायची पाळी कुणावर लादू नका. माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, त्यांच्याकडे जपमाळ असते, ठरलेले शब्द, दहा-दहाचे पाच गट, पन्नास वेळा "नमो मरिया" ही प्रार्थना, मी पूर्वी म्हणायचे हे काय पाठांतर, आता वाटतं त्यात टोमण्याला जागाच नाही हे केवढं बरं आहे. प्रभूची प्रार्थना आहेच की आपल्याकडे, आठवड्यातले चार दिवस तेवढीच म्हणा.

आता दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या. मी पाळक नाही, सेमिनरीत गेलेले नाही, हिब्रूचं जे लिहिलं ते वाचून लिहिलंय. आणि सगळी मुलं माझ्या भावासारखी दुखावलेलीच असतात असं नाही, काहींना नुसता कंटाळा येतो, काहींचा विश्वासच डळमळलेला असतो, तेव्हा त्यावर लेस बांधायची गोष्ट चालणार नाही, तिथे ऐकून घेणं एवढंच आहे आणि त्याला वर्षं लागतात. दुसरं, हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात मारहाण होत असेल तर "आधी त्याला एकांतात सांग" हे तुमच्यासाठी नाही. तुम्ही आधी सुरक्षित जागी जा आणि बाहेरच्या कुणाला तरी सांगा, आणि क्षमेची वचनं तुम्हाला घाईने कुणी वाचून दाखवत असेल तर त्याचं ऐकू नका.

भाऊ आता चाळिशीत आहे. त्याच्या घरी रोजची प्रार्थना होते का हे मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. काकांनी मात्र मागच्या कार्यक्रमात जेवणाआधीच्या प्रार्थनेत "जे मंडळीपासून दूर आहेत त्यांना परत आण" म्हणताना तो बरोबर त्यांच्या समोर उभा होता. त्याने या वेळी मधे आमेन म्हटलं नाही, शेवटीच म्हटलं. काका, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे, कुणीतरी तुम्हाला लिंक पाठवेलच. उत्तर द्यायचं असेल तर फोन करा. रविवारी प्रार्थनेत नको.