तारेच्या कुंपणाआडचे सीनियर वर्ष : मॅन्झनार हायस्कूल, १९४२ ते १९४५

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील एखाद्या लहान हायस्कूलमधील विद्यार्थीजीवन कसे असे, आणि शेवटच्या वर्षाच्या म्हणजे ‘सीनियर’ मुलांच्या प्रॉम (औपचारिक नाच), इयरबुक (वर्षभराच्या छायाचित्रांचा वार्षिक अंक), वर्गाचे नाटक अशा परंपरा तेव्हाही पाळल्या जात होत्या का, असे आपण विचारले आहे. पाळल्या जात होत्या. माझ्या मते त्या सर्वांत हट्टाने जिथे पाळल्या गेल्या ती शाळा काटेरी तारेच्या आत होती, म्हणून हे उत्तर बहुतांशी त्या एकाच शाळेविषयी आहे : कॅलिफोर्नियातील ओवेन्स व्हॅलीमधले मॅन्झनार हायस्कूल. मी लॉस एंजेलिसमध्ये हायस्कूलच्या मुलांना गणित शिकवते, त्यामुळे सीनियर वर्षाचा सगळा थाट दरवर्षी डोळ्यांसमोर असतो. आणि मॅन्झनारची बहुसंख्य मुले याच शहराच्या व आसपासच्या शाळांतून नेलेली होती, हे कळल्यापासून या विषयाचा नाद लागला.

आधी त्या काळच्या सर्वसाधारण शाळांविषयी थोडे सांगते. त्या पिढीतील बहुतेक मुलांचे शिक्षण हायस्कूलच्या पदवीबरोबरच संपत असे, आणि म्हणूनच बारावीच्या वर्षाला लग्नघरासारखी कळा येई. वर्गाची अंगठी घडवली जाई, वर्गाचे नाटक बसवले जाई, प्रॉमचा नाच होई, एक दिवस साऱ्या वर्गाने ठरवून शाळेला दांडी मारण्याचीही प्रथा होती. वर्गाचे एक विनोदी मृत्युपत्र लिहून त्यात आपली आवडती जागा किंवा उशिरा येण्याचा हक्क खालच्या वर्गाच्या नावे केला जाई. युद्धाने यातील बऱ्याच गोष्टींना कात्री लावली. जानेवारी १९४२मध्ये टायरवर आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून देशभर पेट्रोलवर रेशनिंग आले, त्यामुळे लांबच्या सहली आणि परगावचे सामने आपोआप आटोपले. नोव्हेंबर १९४२मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचे वय वीसवरून अठरावर आणले गेले, आणि मग वर्ष पुरे होण्याआधीच बोलावणे येण्याची धास्ती थेट वर्गात येऊन बसली. मुले दहा-दहा सेंटची युद्धबचत तिकिटे विकत घेऊन पुस्तिकेत चिकटवत, भंगार गोळा करत, सैनिकांना शत्रूची विमाने ओळखता यावीत म्हणून नौदलासाठी लाकडी प्रतिकृती तयार करत. झेंड्यासमोर शपथ घेताना हात लांब करून वंदन करण्याची तोवरची पद्धतसुद्धा नाझी सलामीशी असलेल्या साम्यामुळे डिसेंबर १९४२मध्ये बदलली आणि हात छातीवर आला.

आता मॅन्झनार. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकी नागरिक होते. अशा दहा छावण्यांपैकी मॅन्झनार ही एक; सिएरा नेवाडाच्या पूर्व पायथ्याशी, उन्हाळ्यात भाजून काढणारी आणि हिवाळ्यात गोठवणारी, वर्षभर धुळीच्या वाऱ्याची जागा. तिथे एकाच वेळी दहा हजारांच्या आसपास माणसे राहत होती. आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याला याच काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती आणि तिथेही त्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या. पण ती माणसे परक्या राजवटीच्या छळातून सुटून आश्रयाला आली होती. मॅन्झनारच्या मुलांना त्यांच्या स्वतःच्याच सरकारने डांबले होते, आणि तेच सरकार त्यांना वर्गात नागरिकशास्त्र शिकवत होते. हा पेच लक्षात ठेवल्याशिवाय तिथल्या शाळेचे काहीच नीट कळत नाही.

ज्यांचे सीनियर वर्ष १९४२च्या वसंतात संपत आले होते, त्यांच्यावरील आघात तर अगदीच विचित्र होता. पदवीदान दोन-तीन महिन्यांवर आले असताना त्यांना जावे लागले. वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावरील कुटुंबांना मार्चअखेर मॅन्झनारला पाठवण्यात आले, आणि त्या बेटाच्या हायस्कूलने जूनमधील समारंभात या मुलांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. बेटावरच्या वृत्तपत्राने छावणीत गेलेल्या तरुणांनाच आपले वार्ताहर नेमले होते, आणि छावणीतील बारीकसारीक बातम्या त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांच्या घरी पोचत राहिल्या. असा शेजार सगळ्यांच्या वाट्याला आला नाही.

छावणीत शाळा सुरू झाली ती १९४२च्या शरदात, आणि ‘सुरू झाली’ हे शब्दही जरा मोठेच वाटतील अशी तिची अवस्था होती. ब्लॉक ७ हा हायस्कूलसाठी ठरवला गेला. ब्लॉक म्हणजे वीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब अशा लाकूड व डांबरी कागदाच्या बराकींच्या रांगा. त्याच बराकींना वर्गखोल्या म्हणायचे. बाके नव्हती, मुले जमिनीवर बसत. घाईघाईने ठोकलेल्या ओल्या फळ्या सुकून आकसल्या होत्या आणि त्यांच्या फटींतून वारा सुटला की धूळ थेट वह्यांवर येई. पुस्तके अपुरी होती, विज्ञानाची उपकरणे जवळजवळ नव्हतीच. गृहपाठ करायचा तर कुठे, हाही प्रश्नच होता, कारण वीस बाय पंचवीस फुटांच्या एका खोलीत आठ-आठ माणसे राहत, कधी दोन कुटुंबे मधे चादर टांगून.

शिक्षक बहुतेक गोरे आणि बाहेरून नेमलेले होते. त्यांच्या मदतीला छावणीतीलच शिकलेले तरुण असत. छावणीवासीयांना कामाप्रमाणे महिन्याला १२, १६ किंवा १९ डॉलर मिळत, म्हणजे त्याच वर्गात उभ्या असलेल्या दोन माणसांच्या पगारात जमीन-अस्मानाचे अंतर होते. तरीही काही शिक्षकांनी जीव ओतून काम केले, हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी पुढे आवर्जून सांगितले आहे. संगीत आणि नाटक शिकवणारे तरुण शिक्षक लुई फ्रिझेल यांचे नाव त्यांत वारंवार येते.

शाळेबाहेरच्या दिनक्रमात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती भोजनगृहाची गोष्ट. प्रत्येक ब्लॉकला एक सामायिक भोजनगृह होते, घंटा झाली की रांग लावायची. थोड्याच दिवसांत मुले आईवडिलांऐवजी मित्रांबरोबर जेवू लागली, कुठल्या ब्लॉकचा स्वयंपाकी बरा याचा शोध घेत दुसऱ्या ब्लॉकमध्ये जाऊ लागली, आणि एका पानावर बसून जेवण्याची घराची शिस्त मोडली. कमाई गेलेल्या, भाषेने अडलेल्या पहिल्या पिढीच्या वडिलांचा धाक त्याबरोबर ओसरला. किशोरवयीन मुलांचे खरे घर मग शाळा आणि मित्रांचा कंपू हेच झाले, आणि सीनियर वर्षाच्या सोहळ्यांना तिथे इतके वजन का आले, याचे एक कारण मला इथे दिसते.

पहिल्याच सत्रात शाळा कोलमडण्याची वेळ आली होती. ६ डिसेंबर १९४२च्या रात्री छावणीत जमलेल्या निदर्शकांवर लष्करी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दोन तरुण मारले गेले, पैकी एक अवघा सतरा वर्षांचा होता. पाठोपाठ फेब्रुवारी १९४३मध्ये निष्ठेची प्रश्नावली आली. सतरा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला ती भरावी लागे, म्हणजे सीनियर वर्गातली कितीतरी मुले तिच्या कक्षेत आली. सत्ताविसावा प्रश्न सैन्यात कुठेही लढायला जाल का असा होता, आणि अठ्ठाविसावा जपानच्या सम्राटावरील निष्ठा सोडून अमेरिकेशी बिनशर्त एकनिष्ठ राहाल का असा. ज्या सम्राटावर कधी निष्ठाच वाहिली नव्हती ती सोडायची कशी, हा सतरा वर्षांच्या मुलाचा सवाल अगदी रास्त होता. नकार देणाऱ्यांची रवानगी पुढे ट्यूल लेक छावणीत झाली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची शाळेत जाणारी भावंडेही गेली. जानेवारी १९४४मध्ये छावण्यांतील तरुणांना सक्तीची भरती पुन्हा लागू झाली. म्हणजे कुंपणाच्या आत राहायचे आणि अठरावे लागले की कुंपणाबाहेरच्या देशासाठी लढायला जायचे.

या सगळ्यात ही मुले इयरबुक काढत होती. १९४३-४४च्या इयरबुकचे नाव ‘अवर वर्ल्ड’. त्यात वर्गांचे पदाधिकारी आहेत, मंडळे आहेत, खेळाडू आहेत, नाटकातली पात्रे आहेत, आणि केसांची तीच त्या काळची ठेवण आहे जी आयोवाच्या किंवा टेक्ससच्या कुठल्याही इयरबुकमध्ये दिसेल. छायाचित्रे तोयो मियाताके यांची. लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. छावणीत कॅमेऱ्याला बंदी असताना त्यांनी एक भिंग आणि फिल्म धरण्याची चौकट लपवून आणली आणि लाकडाची पेटी करवून घेऊन कॅमेरा जुळवला. पुढे प्रशासनाने त्यांना अधिकृत छायाचित्रकार केले, पण सुरुवातीला अट अशी की मियाताके यांनी सगळी मांडणी करावी आणि खटका मात्र गोऱ्या माणसाने दाबावा.

१९४४च्या सीनियर वर्गाने अध्यक्ष म्हणून ज्याला निवडले तो मुलगा जपानी वंशाचा नव्हताच. राल्फ लाझो हा मेक्सिकन आणि आयरिश वंशाचा, लॉस एंजेलिसच्या बेलमाँट हायस्कूलमधला. मित्रांना नेले जात आहे हे त्याला पटेना, म्हणून तोही त्यांच्याबरोबर गेला आणि मॅन्झनारला राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याची सैन्यात भरती झाली आणि पॅसिफिकच्या आघाडीवर त्याने ब्राँझ स्टार हे लष्करी पदक मिळवले. मुलांनी त्याला आभाराखातर नव्हे तर आवडता मित्र म्हणून निवडले असावे, असा माझा कयास आहे. सतरा-अठराव्या वर्षी मुले आभारापोटी मते देत नाहीत.

आपण खास परंपरांविषयी विचारले आहे, तर कोणती कशी बदलली तेही पाहण्यासारखे आहे. नाच होत, सुरुवातीला भोजनगृहांतच. ‘जाइव्ह बाँबर्स’ नावाचा छावणीचा स्वतःचा वाद्यवृंद होता. नाटके आणि पदवीदान यांसाठी १९४४ साली छावणीवासीयांनीच प्रशस्त सभागृह बांधले. सहल म्हणजे छावणीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून वाहणाऱ्या बेअर्स क्रीकच्या काठी जाणे. आंतरशालेय सामना ही अपूर्वाईची गोष्ट : ऑक्टोबर १९४४मध्ये जवळच्या बिग पाइन गावचा फुटबॉल संघ मॅन्झनारला आला आणि यजमानांनी सामना एकतर्फी जिंकला, उलट भेटीसाठी बिग पाइनला जाणे अर्थातच नव्हते. साऱ्या वर्गाने मिळून दांडी मारायची, तर पळून जाणार कुठे? ज्या प्रथेचा सगळा आनंद चोरून बाहेर पडण्यात असतो, ती आठ टेहळणी मनोऱ्यांच्या पहाऱ्यात कशी टिकावी?

‘अवर वर्ल्ड’ची हसरी पाने पाहून दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात : ‘मजेत होती की मुले’ ही एक, आणि ‘हा सगळा सरकारी देखावा’ ही दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत. प्रशासनाला अशी पाने हवीच होती, कारण ‘अमेरिकीकरण’ कसे झकास चालले आहे याचा तो पुरावा होता. पण मुलांनाही ती हवी होती, आणि त्यांचा हेतू निराळा होता. ज्या शाळांतून त्यांना उठवले गेले तिथे त्यांची अंगठी, त्यांचे नाटक, त्यांचा समारंभ ठरलेला होता. तो हक्क त्यांनी जागा बदलली तरी सोडला नाही. दोन वेगळ्या हेतूंनी एकच पुस्तक तयार झाले, म्हणून ते वाचताना छायाचित्राच्या चौकटीत काय आले यापेक्षा काय आले नाही हे विचारावे लागते.

१९४५च्या इयरबुकमध्ये तेही आले. डिसेंबर १९४४मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील बंदी उठवल्याचे जाहीर झाले, कुटुंबे एकेक करून निघू लागली, आणि जून १९४५च्या तुकडीनंतर शाळा कायमची बंद होणार हे ठरले. या शेवटच्या इयरबुकला ‘व्हॅलेडिक्शन’ म्हणजे ‘निरोप’ असे नाव दिले गेले. त्यात मियाताके यांचे एक छायाचित्र आहे : काटेरी तार, तिला भिडलेली पक्कड आणि पक्कड धरलेला एक हात. तो हात त्यांच्या स्वतःच्या मुलाचा, जो याच शाळेत शिकत होता. मागे टेहळणीचा मनोरा दिसतो. शाळेच्या पैशाने, शाळेच्या नावाने निघालेल्या पुस्तकात हे छापले गेले, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा धीट वाटते.

छावणी २१ नोव्हेंबर १९४५ रोजी बंद झाली. १९८८च्या कायद्याने हयात असलेल्यांना सरकारची माफी आणि प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले. माफी आणि भरपाई मिळवण्याच्या लढ्यालाही लाझो यांनी हातभार लावला होता. ज्यांचे हायस्कूल अर्धवट राहिले होते त्यांना मूळ शाळेची पदवी देण्याची मुभा कॅलिफोर्नियाने या शतकात कायदा करून दिली, आणि ऐंशी वर्षांच्या आजी-आजोबांनी झगा व टोपी घालून ती घेतली. आपण कधी ३९५ क्रमांकाच्या महामार्गाने लोन पाइन आणि इंडिपेंडन्सच्या मधून गेलात, तर रस्त्यालगत एक मोठी हिरवी इमारत दिसेल. तेच ते शाळेचे सभागृह. मधल्या काळात काउंटीच्या रस्ते विभागाने ते गॅरेज म्हणून वापरले, आणि २००४पासून तिथे राष्ट्रीय उद्यान सेवेचे अभ्यागत केंद्र आहे. सभागृह पाहून झाल्यावर ब्लॉक ७च्या जागेपर्यंत चालत जावे. वाऱ्याची वेळ असेल तर तोंडाला रुमाल बांधून जावे.