भोंगा वाजतो म्हणून तीन लाखांचं मशीन घ्यायचं का?

प्रश्न : येलदरी धरणावर माझी 20 फुटी फायबरची होडी आहे. तिला 2009 चं 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं) मशीन आहे, ऑइलची टाकी वेगळी. फुल रेसवर दहा मिनिटं चाललं की भोंगा वाजतो आणि वेग आपोआप पडतो. हळू चालवलं तर वाजत नाही. मागून पडणारी पाण्याची धारही बारीक झाली आहे. मिस्त्रीने 48,000 चं कोटेशन दिलंय. नवं मशीन 2,90,000 ला पडतं. पतसंस्थेतल्या दीड लाखाच्या ठेवीतले 90,000 घालून बाकी 2,00,000 कर्ज घ्यावं म्हणतो, 12 टक्क्यांनी, 3 वर्षांसाठी. हंगामाचे आठ महिने पेट्रोल-बर्फ जाऊन महिन्याला 22,000 हातात राहतात. घरखर्च 12,000. काय करू? (एक वाचक, जिंतूर तालुका)

उत्तर : आज तरी दोन्ही नको.

आधी कर्जाचं बघू. 2,00,000 वर 12 टक्क्यांनी 36 महिन्यांचा हप्ता 6,643 रुपये येतो, म्हणजे वर्षाला 79,716. होडीची वर्षाची कमाई 1,76,000, घराला लागतात 1,44,000. उरले 32,000. हप्ता उरलेल्या पैशाच्या अडीचपट आहे. हंगामात तो निघेलही, पण पाणी खाली गेल्यावर आणि पावसाळ्यात होडी काठाला असते तेव्हा बँक थांबत नाही. शेताचं उत्पन्न तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मीही धरलेलं नाही. सोयाबीनच्या भरवशावर हप्ता बांधू नये.

आता कोटेशन. पिस्टन, रिंगा, बोरिंग आणि हेड गॅस्केट 31,000, वॉटर पंप किट 3,200, थर्मोस्टॅट 1,600, टेंपरेचर स्विच 2,400, कार्बोरेटर सफाई 1,800, मजुरी 8,000. मिस्त्री फसवतोय असं मी म्हणत नाही, पण त्याने मशीन न तपासता सगळंच बदलायचं ठरवलंय. तुम्ही सांगितलेली लक्षणं मात्र त्यातल्या पहिल्या 31,000 कडे नव्हे, 3,200 च्या ओळीकडे बोट दाखवतात. हळू चालताना ठीक, जोर दिला की गरम आणि धार बारीक, याचा अर्थ पाणी पुरेसं वर चढत नाही.

हे मशीन धरणाचंच पाणी ओढून स्वतःला गार करतं. खालच्या गिअरकेसवरच्या जाळीतून पाणी आत येतं, रबरी इंपेलर ते वर ढकलतो, ते हेडभोवती फिरतं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी झडप, उघडला की बाहेर जातं. तुमच्याकडे खारं पाणी नाही, त्यामुळे मिठाचे थर साचण्याची भीती कमी. पण उन्हाळ्यात उथळ पाण्यात मशीन गाळ ओढतं, आणि गाळ इंपेलरला कानशीसारखा खातो. जाळीवर पाणवनस्पती किंवा प्लास्टिक बसलं तरी हेच होतं.

तपासणी याच क्रमाने करा, कारण स्वस्त ते आधी. मशीन बंद करून जाळी साफ करा. धार पडते त्या भोकात मासेमारीची जाड नायलॉन दोरी घालून फिरवा. काठावर पडून असलेल्या मशीनमध्ये कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते. धार सुधारली पण भोंगा वाजतोच, तर समाधान मानू नका. बऱ्याच मशीनमध्ये ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, म्हणून धार जोरात आणि हेड मात्र तापलेलं, असंही होतं. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसोबत लटकवा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला उघडला नाही तर बदला.

धार तरीही बारीकच, तर खालचा भाग उतरवून इंपेलर बघा. पाती एका बाजूला वळून कडक झालेली असतील तर तो गेला. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय मशीन पुन्हा जोडू नका. तो वरच्या नळीत अडकून नव्या इंपेलरचंही पाणी अडवतो. नुसता इंपेलर न घेता पूर्ण किट घ्या, कारण पंपाच्या ओरखडे पडलेल्या वाटीत आणि प्लेटवर नवा रबरही पाणी ओढत नाही. बसवताना पाण्याची नळी तिच्या रबरात नीट बसली का ते बघा. नवा पंप घालूनही मशीन तापतं त्याचं हे नेहमीचं कारण. चाचणी 200 लिटरच्या ड्रममध्ये, पंखा काढून, जाळी पूर्ण बुडवून. कोरडं मशीन सुरू केलं तर नवा इंपेलर मिनिटाच्या आत जळू शकतो.

भोंगा ऑइलचाही असू शकतो, कारण टाकी वेगळी आहे. थंड मशीन सुरू करताच वाजला तर ऑइलची पातळी, टाकीतला फ्लोट आणि वायर बघा. टेंपरेचर स्विच थंड असताना मल्टिमीटरवर सहसा जोड दाखवत नाही. दाखवला तर स्विच खराब. त्याची वायर काढून होडी चालवायची शक्कल कुणी सांगेल, ती ऐकू नका. ऑइल पाण्याने गार होणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनसाठीचं, टीसी-डब्ल्यू3 च हवं; मोटरसायकलचं टू-टी त्या जागी चालत नाही.

आता 31,000 चा निर्णय. तो कॉम्प्रेशन टेस्टवर घ्या, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते गेजने मोजून. हा गेज परभणीच्या मोटरसायकल गॅरेजातही मिळेल. सुरक्षा दोरी काढायची, दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टार्टची दोरी पाच-सहा वेळा ओढायची, आणि दोन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. फरक 10 टक्क्यांच्या आत असेल तर पिस्टनला हात लावू नका. पंप, थर्मोस्टॅट आणि त्यांचीच मजुरी द्या. फरक 15 टक्क्यांच्या वर असेल तर आधी हेड उघडून गॅस्केट बघा. फक्त गॅस्केट फुटलं असेल तर काम लहान आहे. सिलिंडरवर खोल ओरखडे असतील तर मात्र 2009 च्या मशीनवर 48,000 घालणं मला पटत नाही. माझी मर्यादा वर्षाच्या शिल्लकीइतकी, 32,000 ची. त्यापलीकडे गेलात तर त्या पैशात लहान मशीनचा विचार करा. जाळी आणि मासे काठाला आणायला 40 हॉर्सपॉवर लागतेच असं नाही.

नवं घ्यायची वेळ आली तर खरेदीआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के असं ठेवलं होतं. तुमचं मशीन आज कोणत्या घटकात बसतं ते लेखी विचारा आणि मंजुरी हातात येईपर्यंत पावती फाडू नका. मासेमारीचं किसान क्रेडिट कार्ड पेट्रोल, बर्फ, मजुरी अशा चालू खर्चासाठी असतं, त्यात मशीन बसवू नका.

पतसंस्थेतली ठेव मुदत संपली की बँकेत आणा. बँक ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेला तो लागू नाही. आणि हंगामाच्या आठ महिन्यांत दरमहा 3,000 मशीनच्या नावाने बाजूला काढा. आवर्ती ठेव नको, चार महिने हप्ते चुकतील. त्याऐवजी जमेल त्या महिन्यात छोटी मुदत ठेव करा. दोन हंगामांत 48,000 होतात. म्हणजे आज ज्या रकमेचं कोटेशन हातात आहे, तेवढेच.