किल्लारी कडेवर नसताना हादरली कशी?

प्रश्न : भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात, असं शिकलो. मग किल्लारीत का झाला? आणि भूपट्ट लाव्हारसावर तरंगतात का?
– एक वाचक, औसा

उत्तर : आधी दुसरा प्रश्न, कारण हा समज पुसायलाच हवा. आपल्या पायाखाली लाव्ह्याचा समुद्र नाही. कवचाखालचं प्रावरण सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातं आणि ते घनच आहे. मात्र प्रचंड उष्णतेमुळे ते डांबरासारखं अतिशय सावकाश वाहतं. द्रवरूप थर त्याच्याही खाली, लोखंडाच्या बाह्य गाभ्यात.

भूपट्ट चालतात ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने. जुना, थंड झालेला सागरतळ जड होऊन प्रावरणात बुडतो आणि मागचा पट्ट ओढतो. आपल्या पट्टाशी जोडलेला सागरतळ सुमात्राजवळ असाच खाली जातो. समुद्रातल्या पर्वतरांगांकडूनही रेटा मिळतो. भारत वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो.

त्या अडण्याचा दाब साऱ्या पट्टभर पसरतो. खडकात जिथे जुनी भेग असेल तिथे तो साचत राहतो. किल्लारीखाली साधारण ३४० मीटरवर काळा बेसॉल्ट संपून फार प्राचीन खडक लागतो, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सरकलं ते या जुन्या खडकातच. तीव्रता ६.२ होती. पण हालचाल अगदी उथळ होती, वर मातीत रचलेल्या दगडी भिंती होत्या आणि माणसं झोपेत होती. सुमारे १०,००० जीव गेले. माझ्या मते यातले बहुतेक त्या भिंतींनी घेतले.